नऊ किलोंची ताडपत्री

तंबू हातात दिल्यावर सोमाभाऊंनी आधी तो उलटा करून पाहिला. मग पिशवीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "अन् बाकीचं घर कुठी हाय जी?"

"एवढंच आहे, सोमाभाऊ. यात दोन माणसं झोपतात."

"झोपाले काय, माणूस बैलबंडीखालीबी झोपते," ते म्हणाले आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवून बाहेर बिडी ओढायला गेले.

मी मूळचा चंद्रपूरकडच्या सावली गावचा. घरी धानाची शेती, पण मी एका संस्थेत नोकरीला लागलो. जंगलातल्या जनावरांची नोंद ठेवण्याचं संस्थेचं काम होतं. थंडी सरता सरता आमची पथकं गडचिरोलीकडच्या डोंगरांत शिरायची, झाडांना कॅमेरे बांधायची, काही आठवड्यांनी जाऊन ते तपासायची. मी कोठार सांभाळायचो. कुणाच्या पाठपिशवीत काय जातं आणि ती किती भरते, हे मोजून लिहायचं. दाराच्या चौकटीला लटकता काटा अडकवलेला होता. पथक निघायच्या दिवशी मी त्याच्याजवळ वही घेऊन उभा असे, म्हणून सोमाभाऊंनी माझं नाव काटेबाबू ठेवलं. पुढे सगळेच त्या नावाने हाक मारू लागले.

सोमाजी मडावी आमच्या कॅम्पच्याच गावचे. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी बांधणी, मान जाड. तरुणपण बांबूतोडीत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात गेलेलं, त्यामुळे नकाशात जिथे आम्हाला नुसता हिरवा रंग दिसे तिथे त्यांना पाणी कुठे आहे हे ठाऊक असे. कावड वाहून वाहून उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. तिच्यावर थाप मारून ते म्हणत, "हे माह्या नोकरीची निशानी."

झाडाखाली बसायच्या आधी ते खोडावर तळहात ठेवत आणि मान मागे टाकून वर बघत. वाळलेली फांदी, आग्या मोहोळ, कुजलेला बुंधा, जे काय असेल ते बघून झालं की मग बसत. ही सवय इतकी अंगात मुरली होती की कॅम्पच्या ऑफिसात मीटिंगला आले तरी पंख्याखालची खुर्ची घेण्याआधी वर नजर टाकत. आम्ही हसायचो. पण जंगलात कधी ते वर बघून काही न बोलता दुसरीकडे जाऊन बसले, की एकेक जण मुकाट्याने उठून त्यांच्यामागे जाई. "इथं बसू नका" असं त्यांनी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही.

आणि त्यांची ती ताडपत्री. तांदळाच्या ट्रकवरची जुनी, जाड सुती कापडाची. एका गिरणीने टाकून दिलेली त्यांनी मागून आणली होती. फाटक्या कडा कापून, दाभणाने सुतळीचे टाके घालून त्यांनी ती चार-पाच माणसांपुरती केली होती. तिला डांबराचा, कोंड्याचा आणि वर्षानुवर्षांच्या धुराचा मिळून एक वास येई. कोरडी असताना काट्यावर नऊ किलो भरे. मुक्कामाला पोचलं की दोन झाडांत दोर ताणून ती टाकायची, खालून दगड लावायचे, झालं. तिच्यावर धान वाळवलं जाई, तिच्यात मोहफुलं गोळा होत, आणि मुलीच्या लग्नात पंगतीला सावली तिचीच होती, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

सोमाभाऊंचं नेहमी खरंच ठरायचं असं मात्र नाही. एकदा आमच्या पथकातल्या संशोधक ईशा मॅडमनी मुक्कामासाठी कोरड्या नाल्यातली सपाट वाळू पसंत केली. ईशा पुण्याची. शिकलेली, मेहनती, भराभर चालणारी मुलगी. सोमाभाऊ काठावरच्या खडकांत ताडपत्री टाकून बसले. "वर पाऊस झाला तं पाणी सांगून येत नाई, बाई," एवढंच म्हणाले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. सगळे वाळूत मऊ झोपले आणि ते खडकांत कूस बदलत राहिले. सकाळी सगळ्यांनी त्यांची थट्टा केली. तेही हसले. "काईच नाई झालं, बरं झालं ना जी!" आपण चुकलो याचा त्यांना खरंच आनंद झाला होता.

नव्या वस्तूंचा रागही त्यांना नव्हता. डोक्याला बांधायचा दिवा त्यांना इतका आवडला की दिवसाही तो ते कपाळावर ठेवत. नव्या तंबूच्या ॲल्युमिनियमच्या काड्या तर ते लहान पोरासारखे जोडत आणि सोडवत बसत. आतल्या रबरी दोरीने तुकडे खट् खट् करत एकमेकांत बसले की माझ्याकडे बघून मान हलवत. "काय डोकं लावलं हाय!"

हे हलके तंबू आमच्या प्रकल्पप्रमुखांनी आणवले होते. प्रमुख शहरातून येत. बोलणं मृदू, कपडे स्वच्छ, आणि मजुरांबद्दल कळवळा असलेले. तो कळवळा खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी नियम केला: कुणाही माणसाच्या पाठीवर चौदा किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही. "आपण माणसांना बैलासारखं वागवतो," ते मला म्हणाले, "हे थांबलं पाहिजे." ऐकून मला भरून आलं होतं.

मग पिशव्या मांडल्या गेल्या. तंबू दोन किलोंच्या आतला. ताडपत्री नऊ. प्रमुखांनी दोन्हीकडे बोट दाखवलं. "सात किलो वाचले. बघा, किती साधं आहे."

त्या वाचलेल्या सात किलोंत मी दुसऱ्याच दिवशी जास्तीचे कॅमेरे, बॅटऱ्या आणि त्यांचे लोखंडी पिंजरे भरले. चौदा पुरे व्हायचेच होते. सोमाभाऊंनी पिशवी उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"काटेबाबू, घर तं हलकं झालं," ते म्हणाले. "पाठ तेवढीच काऊन राह्यली?"

मी म्हटलं, नियमात बसतंय.

प्रमुखांनी त्यांना कॅम्पच्या अंगणात नव्या तंबूत एकदा झोपून पाहायला लावलं. सकाळी विचारलं, "कसं वाटलं, सोमाजी?"

"चांगला हाय, सायेब. मच्छर नाई, विंचू नाई." मग म्हणाले, "याच्यात माणूस झाकते. वाचत नाई."

प्रमुख हसले आणि मला म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतो. ताडपत्री 'वैयक्तिक सामान' ठरली. पथकाबरोबर न्यायला बंदी. तशी ओळ मीच वहीत लिहिली.

एप्रिलमधली ती फेरी. डोंगराच्या पलीकडच्या भागात रस्ता नव्हता. तीन दिवस चालायचं, दोन मुक्काम. ईशा, सोमाभाऊ, देवराव नावाचा दुसरा वनमजूर, आणि कॅमेरे बदलायचे होते म्हणून मीही. निघताना मी चौघांच्या पिशव्या काट्याला लावल्या. ईशाची आणि माझी दहाच्या आत, देवरावची आणि सोमाभाऊंची बरोबर चौदा.

गाव संपून जंगल लागतं तिथे मोहाचं एक जुनं झाड आहे. सोमाभाऊ झाडामागे गेले आणि परत आले तेव्हा पिशवीवर ताडपत्रीची गुंडाळी दोराने आवळलेली होती. आदल्या दिवशीच त्यांनी ती तिथे आणून ठेवली असावी.

"सोमाभाऊ, हे काऊन?" मी म्हटलं. "सरांनी मना केली ना."

"तुमच्या काट्यावर चौदाच भरले ना? मंग. आता काटा घरी हाय."

देवराव हसला. ईशाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले आणि चालू लागलो. त्या वेळी मला त्यात काही गंभीर वाटलं नव्हतं. म्हातारा माणूस हट्टी आहे, वाहील आपलं आपण, असं वाटलं.

पहिला मुक्काम ठीक गेला. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला आम्ही मुक्कामाच्या जागी पोचलो. ऐन आणि धावड्याची झाडं, मधे मुरमाड मोकळी जागा. ईशाने आणि मी दोन्ही तंबू उभे केले. खुंट्या मुरमात दोन बोटांवर जाईनात, म्हणून त्यांच्यावर दगड ठेवले. सोमाभाऊ आकाशाकडे बघत होते. पश्चिमेला ढग नव्हते, नुसता जांभळट मळकट रंग होता. पाखरं गप्प झाली होती. त्यांनी दोन कोवळ्या झाडांना दोर बांधला, तोही कमरेएवढ्या उंचीवर, त्यावर ताडपत्री टाकली आणि चारही बाजूंनी मोठाले दगड ओढून आणायला सुरुवात केली. देवराव न विचारताच हात लावू लागला.

"भाऊ, तंबू आहेत ना," ईशा म्हणाली.

"राहू द्या, बाई. तुमी पाणी पिऊन घ्या."

अर्ध्या तासाने वारा आला. आधी लांबून पानांचा आवाज, जणू कुणी वाळूचा ट्रक ओततंय, आणि मग एकदम अंगावर. पहिला तंबू मी आत शिरायच्या आधीच उठला आणि बांबूच्या बेटात जाऊन अडकला. दुसऱ्यात ईशा होती. त्याच्या काड्या वाकून तिच्या अंगावर आल्या आणि कापड तिच्या तोंडाला चिकटलं. देवरावने विळ्याने ते फाडून तिला बाहेर ओढलं. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. पहिल्या सुपारीएवढ्या होत्या.

आम्ही चौघंही ताडपत्रीखाली शिरलो. कडा पोटाखाली दाबून धरल्या. मग गारा मोठ्या झाल्या आणि वरचा दोर तुटला. सगळं कापड आमच्या डोक्यावर आलं. डोक्यावर आलेल्या ताडपत्रीवर गार पडते तेव्हा ती डोक्यावरच पडते. ईशा ओरडली. अंधारात मला एवढंच कळलं की माझ्या बाजूचं कापड पुन्हा वर उचललं गेलं. सोमाभाऊ गुडघ्यांवर आणि हातांवर उभे राहिले होते. आढ्याच्या जागी त्यांची पाठ होती.

"सोमाभाऊ, खाली बसा!" देवराव म्हणत होता.

"गप रे. कड धरून ठेव."

ते किती वेळ तसे होते ते मला सांगता येत नाही. प्रत्येक मोठ्या गारेबरोबर त्यांच्या तोंडून 'हं' असा आवाज येई, ओझं उचलताना येतो तसा. माझं डोकं त्यांच्या पोटाखाली होतं.

बाहेर आलो तेव्हा एप्रिलात जमीन पांढरी झाली होती. झाडांना पानं उरली नव्हती. सोमाभाऊंनी सदरा काढला, आणि ईशा त्यांची पाठ बघून मागे वळून रडायला लागली. खांद्यापासून कमरेपर्यंत काळेनिळे वळ होते, दोन ठिकाणी कातडी फुटली होती. "रडू नोका बाई," ते म्हणाले, "हे आठ दिवसांत जाते." आणि ओल्या लाकडांतून कोरडं शोधायला लागले.

यापुढचं मला सांगायला जड जातं.

सकाळी ऊन पडलं. तंबूंच्या चिंध्या झालेल्या. ताडपत्री भिजून चिंब. तिचं एक टोक मी उचलून पाहिलं आणि सोडून दिलं. "टाका इथीच," मी म्हटलं. "मागून कोणी तरी येऊन नेईल."

"आज घरी नाई पोचलो तं?" ते म्हणाले. "नाल्याले पाणी असंल. पुन्हा राहा लागलं तं कायच्याखाली राहता?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी ती पिळली, घडी घातली आणि कॅमेऱ्यांच्या पिशवीवर बांधली. उठताना देवरावने आधार दिला, त्याच्या पाठीवर स्वतःचे चौदा किलो होतेच. माझी पिशवी तंबू गेल्याने आणखी हलकी झाली होती. ईशाचीही. ताडपत्रीचे दोन भाग करता येत नाहीत हे खरं. पण सोमाभाऊंच्या पाठीवरचे कॅमेरे मला घेता आले असते. सहज. आदल्या दिवशी त्या माणसाने माझ्यावरच्या गारा आपल्या पाठीवर घेतल्या होत्या, आणि मी पाणी पीत उभा राहून त्यांना चौदा किलोंवर ओली ताडपत्री चढवताना बघत होतो. मला सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे सुचलं होतं. पण ते ओझं वाहणं त्यांचं काम आहे, अशी माझ्या मनाने आपोआप वाटणी केली होती.

उतारावर पानांच्या चिखलात त्यांचा पाय सटकला. ओझं आधी गेलं आणि ते त्याच्यामागे. उजवा गुडघा दोन खडकांच्या मधे पिळवटला. मोडल्याचा आवाज मी ऐकला.

दोन बांबू तोडून, त्याच ताडपत्रीची झोळी करून आम्ही त्यांना बाहेर आणलं. चार तास लागले. त्या वेळी कुणाला ती जड वाटली नाही. वाटेत ते एकदाच बोलले. देवरावला म्हणाले, "कॅमेरे राह्यले का रे मागं?"

गुडघा सांधला, पण वाकेना झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केलं ते चांगलंच केलं. आधीच खूप उशीर झाला होता, एवढंच.

मग प्रमुख आले. अपघाताचा फॉर्म होता, त्यात एक रकाना होता: अपघाताच्या वेळी पाठीवरील वजन. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही हजर होता आणि मोजमापही तुमचंच. जे खरं आहे ते लिहा. मी तुमच्यावर कसलाही दबाव आणणार नाही."

आणलाही नाही. मी वाळलेली ताडपत्री काट्याला लावली, तिचे नऊ चौदात मिळवले आणि लिहिलं: तेवीस किलो. ओली होती तेव्हा जास्त असणार, पण ते मी मोजलेलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. काय वाचलं, कोण वाचलं, याला रकाना नव्हता. ईशाने आपणहून दोन पानं लिहून दिली, गारांपासून झोळीपर्यंत सगळं. ती अहवालाच्या शेवटी जोडली गेली. तिथपर्यंत कुणी वाचत नाही हे तिला माहीत नव्हतं, मला होतं. तिची मुदत संपली आणि ती गेली.

अहवालाचं सार असं निघालं की संबंधित मजुराने मनाई असताना मर्यादेपेक्षा नऊ किलो जास्त ओझं नेलं, आणि अपघात त्यामुळेच झाला. पुढच्या हंगामासाठी त्यांचं नाव यादीतून कमी झालं. तंबूंबद्दल एक ओळ होती: नव्या हलक्या साहित्यामुळे पथकांचा वेग वाढला आहे. त्याच जातीचे आणखी तंबू आले. मी ते मोजून घेतले.

पावसाळ्याच्या तोंडावर मी त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. बायकोने पाणी दिलं आणि ती चुलीकडे वळली. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, "सोमाभाऊ, मी खोटं कसं लिवणार होतो? सगळ्यांनी पाह्यलं होतं."

"तुमाले कोण म्हनलं खोटं लिवा म्हून?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"काटेबाबू," ते म्हणाले, "तुमचं वजन किती हाय?"

"माझं? अडुसष्ट."

"अन् बाईचं?"

"पन्नास असेल."

"देवराव धरा साठ." त्यांनी मान हलवली, मनातल्या मनात बेरीज केल्यासारखी. "तेबी लिवाचं होतं. माह्या पाठीखाली होते ना तुमी."

त्यांची बायको चुलीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही. मी उठलो. त्यांनी मला थांबवलं नाही आणि परत या असंही म्हटलं नाही.

मी ती नोकरी आणखी तीन वर्षं केली. सोडली तेव्हाही काही तत्त्वासाठी सोडली नाही, चंद्रपुरात बरी नोकरी मिळाली म्हणून सोडली.

गेल्या हिवाळ्यात नव्या नोकरीच्या कामाने व्याघ्रप्रकल्पाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवर जायचं होतं. तिथे पाहुण्यांना राहायला खोल्या नाहीत, तंबू आहेत. पण काय तंबू! जाड दुहेरी कापडाचे, आत पलंग, थंड हवेचं यंत्र, सागवानी दार. वाऱ्याने कापडाची सुरकुतीसुद्धा हलू नये असे. त्यातला एकेक उभा करायला आठ माणसं लागतात, असं तिथला मॅनेजर कौतुकाने सांगत होता.

फाटकाशी आमची गाडी थांबली. खाकी गणवेशातला एक माणूस ताठ उजवा पाय ओढत दोराने अडसर वर करायला आला. गणवेश त्याला खांद्यात मोठा होत होता. मी काच खाली केली.

"सोमाभाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही हा प्रश्नच नव्हता, ओळखलं होतं. चेहऱ्यावरची एक रेघसुद्धा हलली नाही. टाचा जुळवायचा प्रयत्न केला, उजवी जुळली नाही, आणि त्यांनी मला सलाम ठोकला.

"गुड मॉर्निंग, सर."

मी काही बोलणार तोच मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. ड्रायव्हरने आमची गाडी पुढे घेतली. आरशात मला दिसत राहिलं: ते बाजूला सरकले, मागची गाडी फाटकात आली, आणि त्यांचा हात पुन्हा तसाच कपाळाशी गेला.